समर्थकांची यादी : होमरूल लीगपासून गोरेगांवपर्यंत

निवडणूक वा चळवळ म्हटली, कीं सभा, मिरवणूक आणि घोषणा यांचेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या सर्वांच्या मागें एक मुकें साधन असतें. तें म्हणजे समर्थकांची यादी. आज ही यादी संगणकांत ठेवली जाते आणि त्यासाठीं कोणती प्रणाली घ्यावी, याचा खल पक्षांच्या कचेऱ्यांतून चालतो. तथापि हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

लोकमान्य टिळकांनीं एप्रिल १९१६ मध्यें बेळगांव येथें होमरूल लीग स्थापन केली. वर्षभरांत तिचे सुमारें १४,००० सभासद झाले. पुढें डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनांत काँग्रेसनें चार आणे वर्गणीचें सभासदत्व ठरविलें, आणि मार्च १९२१ मध्यें बेझवाडा येथें ३० जूनपर्यंत एक कोटि सभासद नोंदविण्याचा संकल्प सोडला. सभासदांच्या वहींत नांव चढे तें मनुष्यानें आपण होऊन दिलें म्हणजेच. चार आणे ही रक्कम लहान खरी. पण ती संमतीची खूण होती.

नांव मिळविण्यांत खोट राहिली म्हणजे काय होतें, हें १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनें दाखविलें. सुमारें १७ कोटि ३० लाख मतदारांची यादी सिद्ध होत असतां अनेक स्त्रियांनीं परक्या माणसास स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' एवढीच नोंद झाली. अशा सुमारें २८ लाख नोंदी अखेर गाळाव्या लागल्या, आणि तितक्या स्त्रियांचें मत बुडालें.

गोरेगांवचा अनुभव याच्या उलट आहे. हें उपनगर १९५७ मध्यें बृहन्मुंबईंत आलें. येथील समाजवादी कार्यकर्त्या मृणाल गोरे १९६१ मध्यें महानगरपालिकेवर निवडून आल्या, आणि पाण्यासाठीं दिलेल्या लढ्यांमुळें 'पाणीवाली बाई' म्हणूनच ओळखल्या जाऊं लागल्या. १९७२ मध्यें अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी प्रभृति निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांसह त्यांनीं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिति उभी केली. समितीनें साधन निवडलें तें लाटणें आणि थाळी. तें प्रत्येक स्वयंपाकघरांत होतें, आणि वापरण्यास कोणी शिकवावें लागत नव्हतें. मोर्चास जाणें जिला अशक्य, तीही घरीं थाळी वाजवून सहभागी होऊं शके. १९७७ मध्यें उत्तर मुंबईनें मृणालताईंना लोकसभेवर पाठविलें. येथें घराघरांतलें गाऱ्हाणें आधीं कळलें होतें. मतांची मोजदाद मागाहून झाली.

आजच्या साधनांचा वेग अफाट आहे. मतदारयादी, दूरध्वनीचा क्रमांक आणि मागील संभाषण क्षणांत जोडतां येतें. परंतु मनुष्याचें नांव त्याच्या नकळतही तेथें शिरूं शकतें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमतानें दिला, आणि २०२३ मध्यें संसदेनें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला.

यास्तव साधन निवडतांना किंमत आणि वेग यांच्या आधीं चार गोष्टी पाहणें इष्ट : नांव संमतीनें आलें काय, तें कोणाकोणास दिसतें, सांगितल्यावर पुसतां येतें काय, आणि मताच्या अंदाजाशेजारीं त्या घरच्या कोरड्या नळाचें गाऱ्हाणें लिहावयास रकाना आहे काय. हा शेवटचा रकाना नसेल तर यादी मतें मोजील. पण निवडणुकीनंतर त्या घरीं पुन्हा कशासाठीं जावयाचें, हें तिला सांगतां येणार नाहीं.