बंद पोथीची किंमत

मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून आज आपण ‘लीळाचरित्रा’कडे बोट दाखवतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी रिद्धपुरात राहून आणि गावोगाव हिंडून, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि 1278च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला. असे असूनही विसाव्या शतकापर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्याचा पत्ताच नव्हता. एखाद्या भाषेचा आरंभीचा गद्यग्रंथ त्या भाषेच्या लोकांपासून सहाशे वर्षे दूर राहतो, ही साधी गोष्ट नाही. याची दोन ठरावीक स्पष्टीकरणे दिली जातात. कोणी म्हणतो, महानुभावांना मुळातच लपवाछपवीची आवड होती. कोणी म्हणतो, सनातन्यांनी त्यांना दडपले. माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत. वेगळेपण आणि बहिष्कार एकमेकांना खतपाणी घालत गेले, आणि त्यातून समाजाच्या लेखी ‘विपरीत’ ठरलेली एक ओळख तयार झाली. तिची किंमत पंथाने मोजलीच, पण महाराष्ट्रानेही मोजली.

चक्रधरांचे वेगळेपण वरवरचे नव्हते. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री त्याच काळात ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे यांची प्रचंड व्यवस्था लावत होता. इकडे चक्रधर एकाच परमेश्वराची भक्ती सांगत होते आणि देवतांच्या उपासनेने मोक्ष मिळत नाही असे बजावत होते. स्त्रियांना त्यांनी संन्यासाचा अधिकार दिला. महदाइसा ही त्यातलीच, जिच्या ‘धवळ्यां’मुळे तिला मराठीची आद्य कवयित्री मानतात. भिक्षा चारही वर्णांच्या घरी मागावी, हा नियम घातला. मासिक पाळीचा विटाळ त्यांनी मानला नाही. शरीरातून इतर स्राव येतात तसाच हाही एक, असे त्यांचे म्हणणे ‘लीळाचरित्रा’त नोंदले आहे. शिष्यांशी ते मराठीत बोलले, आणि पुढे त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांनीही पंथाचे ज्ञान संस्कृतात नेण्यास नकार दिला, कारण तसे झाल्यास साध्याभोळ्या बायाबापड्या त्याला मुकल्या असत्या. व्रतांवर, जातीवर आणि पुरोहितावर उभ्या असलेल्या व्यवस्थेला यातले प्रत्येक पाऊल आव्हान देणारे होते. स्वामींवर चाललेला अभियोग आणि त्यांचा झालेला छळ पंथाच्या ग्रंथांत सविस्तर आला आहे. त्याच्या तपशिलांबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी राजसत्तेच्या जवळच्या पंडितवर्गाशी संघर्ष झाला, एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

यानंतर पंथ आत वळला. चौदाव्या शतकात सकळ ही सांकेतिक लिपी आली, तिच्या जोडीला सुंदरीसारख्या आणखीही लिप्या आल्या, आणि ज्या मराठीची निवड सर्वांना कळावे म्हणून केली होती तीच आता दीक्षितांखेरीज कोणाला वाचता येईना. येथे एक आक्षेप रास्त आहे. ही लिपी केवळ भीतीपोटी आली नव्हती. परमेश्वराचे वचन अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, पाठ भ्रष्ट होऊ नये, ही श्रद्धाही तिच्यामागे होती. पंथात वेगवेगळे आम्नाय, म्हणजे उपशाखा, पडल्या, त्यामुळे कोणाचा पाठ खरा आणि तो कोणी शिकवायचा, हा गुरुपरंपरेच्या अधिकाराचा प्रश्नही त्यात होता. हे सारे मान्य केले तरी परिणाम बदलत नाही. हेतू पावित्र्याचा असो वा संरक्षणाचा, लिपीने आतल्यांना घट्ट बांधले आणि बाहेरच्यांना कुंपणापलीकडे ठेवले. त्याच बंधामुळे हा पंथ टिकला. तो पंजाबात पोचला, तेथे जयकृष्णी म्हणून ओळखला गेला, आणि मराठी मुलखापासून इतक्या दूरही तेथील साधक धर्मग्रंथांसाठी मराठी शिकत राहिले. अल्पसंख्य समूहाने आपली ओळख जपण्याचे इतके यशस्वी उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

पण जे दिसत नाही त्याविषयी माणसे कथा रचतात. काळी वस्त्रे, गावच्या देवांना नमस्कार न करणारे संन्यासी, स्त्री-पुरुषांचे मठ आणि कोणालाही न वाचता येणाऱ्या पोथ्या, एवढ्यावर संशयाची इमारत उभी राहिली. पंथाच्या उगमाविषयी बदनामीच्या कथा पसरल्या, एकनाथ-तुकारामांच्या नावावरच्या रचनांत मानभावांवर, म्हणजे महानुभावांवर, टीका आली, कसाबाची करणी आणि मानभावाची बोलणी यांची सांगड घालणारी म्हण रूढ झाली, आणि 1782मध्ये पेशवाईच्या एका आज्ञापत्राने मानभावांना निंद्य ठरवले. खंडन करायचे तर पोथ्या उघडाव्या लागत, आणि उघडाव्यात असा विश्वास निंदेमुळेच वाटत नव्हता. अशा रीतीने संशयाने मौन वाढले आणि मौनाने संशय. दुसरीकडे गृहस्थ अनुयायी, म्हणजे वासनिक आणि उपदेशी, त्याच गावांत शेती करत, जातीच्या रिवाजांत राहत, शेजाऱ्यांच्या सुखदुःखात सामील होत होते. तेव्हा ‘मुख्य समाज’ आणि ‘विपरीत पंथ’ अशी दोन वेगळी जगे कधीच नव्हती. एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन्ही नांदत होती.

यावर कोणी म्हणेल की वारकऱ्यांनाही त्रास झाला; ज्ञानदेवांच्या भावंडांना बहिष्कार सोसावा लागला, तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तरी ते बंदिस्त झाले नाहीत. मग दोष छळाला कसा द्यायचा? हा आक्षेप महत्त्वाचा आहे, कारण छळ हे पुरेसे कारण नव्हते हे त्यातून कळते. फरक दोन गोष्टींत होता. वारकऱ्यांनी पंढरीचा विठ्ठल, वेदांचा मान आणि प्रपंच यांच्याशी नाते तोडले नाही. जुन्या घरात राहूनच त्यांनी त्याची दारे रुंद केली. महानुभावांनी घरच वेगळे मांडले. दुसरे असे की वारकऱ्यांचे शब्द कीर्तनात, दिंडीत, उघड्या वाळवंटात गायले गेले. गाणाऱ्यांच्या तोंडी असलेले नदीत बुडवता येत नव्हते. महानुभावांचे शब्द पोथीत राहिले आणि पोथी मठात. मात्र वारकऱ्यांचा मार्ग श्रेष्ठ आणि महानुभावांचा चुकीचा, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे ठरेल. देवताभजनच नाकारणाऱ्याला देवळाच्या आवारात जागा कोण देणार होते? बंडाची खोली जितकी जास्त, तितकी उघडेपणाची मुभा कमी, हा आपल्या समाजाचा जुना व्यवहार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी या लिप्यांचे कोडे सुटले, पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांनी आयुष्ये वेचून हे वाङ्मय संपादिले, आणि काही महंतांनी विश्वासाने पोथ्या त्यांच्या हाती दिल्या. आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून झालेल्या मांडणीत ‘लीळाचरित्रा’ला मानाचे स्थान होते. ज्यांना निंद्य म्हटले त्यांनाच आपण पूर्वज म्हणू लागलो, हे चांगलेच झाले. मला काळजी आहे ती या स्वागताच्या अपुरेपणाची. महानुभावांची भाषा आपण स्वीकारली, पण स्त्रीच्या शरीराला विटाळ नाही, भिक्षेला जात नाही, या त्यांच्या म्हणण्याचे काय? पाळी चालू असताना देवघराबाहेर बसणाऱ्या बायका आजही आपल्या घरांत आहेत. एखाद्या उपेक्षित पंथाला भाषेच्या इतिहासात सन्मानाची खुर्ची देऊन त्याचे विचार वेशीबाहेरच ठेवणे, हाही बहिष्काराचाच सभ्य प्रकार आहे. लिपीचे कुलूप निघून शंभर वर्षे होऊन गेली. आता ग्रंथ आपल्याला वाचता येत नाही ही सबब उरलेली नाही. त्यात जे सांगितले आहे ते मान्य करायचे की नाही, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.