एपिसोडचं लिखित रूप: केसरबाई, ब्लाइंड विली आणि लालबागचा एक व्हॉइस नोट

हेडफोन लावलेत? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज मी सुरुवातीला जरा हळू बोलणार आहे.

झालं असं की मागच्या एपिसोडनंतर लालबागच्या एका मुलाचा व्हॉइस नोट आला. विशीतला असेल. म्हणाला, "दादा, तू ब्लूजचे जे अल्बम सांगितलेस ते ऐकले, भारी वाटले. आता शास्त्रीयचे सांग. पण खरं सांगू का, ते आपल्यासारख्यांचं नाही वाटत. घरी कोणी ऐकत नाही."

हा नोट मी तीनदा ऐकला. कारण पहिल्या वर्षाला असताना मला नेमकं हेच वाटायचं. बीटेक करताना एका मैफिलीला गेलो होतो. तबल्याने एक जबरदस्त तिहाई घेतली, मी टाळी वाजवली, आणि सम अजून यायची होती. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून असं बघितलं की बास. पुढची दोन वर्षं मी मैफिलीकडे फिरकलो नाही. हेडफोनमध्ये बी. बी. किंग ऐकत बसलो. तिथे कधीही टाळी वाजवली तरी चालतं.

तर आजचा एपिसोड त्या मुलासाठी. अल्बम सांगणारच आहे, पण आधी एक गोष्ट सांगतो. तीत ब्लूज गिटार आणि आपलं गाणं एकाच रेकॉर्डवर आहे, तेही एकाला एक लागून.

१९७७ साली नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. व्हॉयेजर दोन आधी गेलं, २० ऑगस्टला. व्हॉयेजर एक ५ सप्टेंबरला. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवलेली आहे. कार्ल सेगन आणि त्यांच्या टीमने तिच्यासाठी पृथ्वीवरचे आवाज निवडले. ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. आणि सुमारे दीड तासाचं संगीत, एकूण २७ तुकडे. एवढं मावावं म्हणून ती तबकडी मिनिटाला फक्त १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे घेईल अशी कापली. स्टोरेज कमी पडलं की इंजिनियर काय करतात? क्वालिटी जरा उतरवतात आणि जास्त भरतात. तेव्हाही तेच केलं.

आता त्या यादीच्या शेवटाकडे या. शेवटचा, सत्ताविसावा तुकडा बीथोव्हेनचा. त्याच्या आधी सव्विसावा, टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट'. आणि त्याच्याही आधी, पंचविसावा, 'जात कहाँ हो'. राग भैरवी. गायिका सूरश्री केसरबाई केरकर.

म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या अंधारात, आत्ता मी बोलतोय तेव्हासुद्धा, केसरबाई आणि ब्लूजची स्लाइड गिटार शेजारी शेजारी आहेत. ही प्लेलिस्ट कुठल्या अल्गोरिदमने नाही बनवली. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत अभ्यासकाने केसरबाईंची ही रेकॉर्ड सुचवली. मग शोधायला निघाले तर रेकॉर्ड मिळेना. शेवटी न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली.

आणि ही बंदिश विचारते काय, तर बाई, कुठे निघालीस? अंतराळयानासाठी याहून नेमका प्रश्न मला तरी सुचत नाही.

बरं, या केसरबाई कोण? जन्म १८९२, गोव्यात फोंड्याजवळच्या केरी गावात. ज्या समाजात जन्मल्या, तिथल्या बायकांनी देवळात आणि मैफिलीत गायचं, आणि बाकीच्यांनी गाणं ऐकायचं पण गाणारीला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, अशी रीत होती. लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँ, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आईबरोबर मुंबईला आल्या. इथे बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले, जे मिळतील ते गुरू आणि मिळेल तेवढं शिक्षण, तुकड्यातुकड्यांत. मग १९२१ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांनी गंडा बांधला. त्या तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. माझ्या वयाच्या. मला या वयात नवीन फ्रेमवर्क शिकायचा कंटाळा येतो, आणि या बाईने जयपूर घराण्याची गायकी पहिल्यापासून घ्यायला सुरुवात केली. १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत तालीम चालूच होती.

पुढे टागोरांचं कौतुक, 'सूरश्री' हे नाव, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण. महाराष्ट्र सरकारने 'राज्यगायिका' म्हटलं. स्वभावाने कडक. रेकॉर्डिंग करून घेण्याबद्दल नाखूश. म्हणून तर त्यांचं फार थोडं ऐकायला उरलंय. व्हॉयेजर एक सुटलं ५ सप्टेंबरला, आणि केसरबाई मुंबईत गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. अकरा दिवसांनी.

आता दुसरा माणूस. ब्लाइंड विली जॉन्सन, जन्म १८९७. लहानपणीच दृष्टी गेली. टेक्सासमधल्या गावांत रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून गायचा, देवाची गाणी. काटेकोर बोलायचं तर तो ब्लूजवाला नाही, भजनवाला आहे. फक्त भजनाला ब्लूजची गिटार जोडलेली. ३ डिसेंबर १९२७ ला डॅलसमध्ये 'डार्क वॉज द नाइट' रेकॉर्ड झालं. त्यात शब्दच नाहीत. गुणगुणणं आहे, कण्हणं आहे, आणि तारेवरून सरकणारी स्लाइड. १९४५ मध्ये त्याचं घर जळालं. तो त्याच जळक्या घरात, ओल्या अंथरुणावर झोपत राहिला, आजारी पडला आणि गेला. या गाण्याबद्दल लिहिलं गेलंय की रात्र पडतेय आणि झोपायला जागा नाही, अशी वेळ माणसावर पहिल्यापासून येत आलीय, आणि हे गाणं त्याच वेळेबद्दल आहे. विलीच्या बाबतीत हे अक्षरशः खरं झालं.

म्हणजे एक गोव्यातली, जिला घराच्या पुढच्या दाराने आत घ्यायला लोक कचरायचे. एक आंधळा काळा माणूस, रस्त्यावर गाणारा. आणि माणसांच्या वतीने बोलायला पाठवलं कोणाला, तर या दोघांना. व्हॉइस नोटवाल्या मित्रा, 'आपल्यासारख्यांचं नाही' हे डोक्यातून काढताना इथून सुरुवात कर.

आता थोडं तांत्रिक. गिटारला पडदे असतात, धातूच्या पट्ट्या. बोट दाबलं की ठरलेला सूर. दोन सुरांच्या मधलं काही वाजवायचं असेल तर तार ओढावी लागते, नाहीतर काचेची नळी किंवा सुरी घेऊन तारेवरून सरकवायची. तीच स्लाइड. आपण याला मींड म्हणतो. ब्लूजमध्ये गंधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो, मध्ये कुठेतरी लोंबकळतो आणि तिथेच पोटात कालवतं. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार ऐका, तोही एका जागी उभा राहत नाही. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाहीये हं. दरबारीत त्या गंधाराला कडक नियम आहेत, ब्लूजमध्ये ते गाणाऱ्यावर आहे. पण सुराला एका ठिपक्यावर खिळवायचं नाही, हे दोघांनाही मान्य आहे.

आणखी एक. दोघांच्याही रेकॉर्ड ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं. जी बाई एक राग तासभर मांडायची तिला सांगितलं, साडेतीन मिनिटांत आटप. केसरबाईंची भैरवी ऐकाल तेव्हा लक्ष द्या, घाई कुठेच नाही. तान येते, वळते, समेवर बसते, श्वास कुठे घेतला ते कळत नाही. कॉम्प्रेशन असावं तर असं.

माझ्या आजोबांबद्दल सांगतो. लालबागच्या गिरणीत होते, मूळ गाव रत्नागिरीकडे. शिकागोच्या मडी वॉटर्सची गोष्ट मी त्यांना सांगायचो तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटायचं नाही. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातला माणूस १९४३ मध्ये गाडीत बसून शिकागोला येतो, कारखान्यात काम करतो, ट्रक चालवतो, रात्री गातो. गर्दीच्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जात नाही म्हणून इलेक्ट्रिक घेतो. आजोबा म्हणाले, "आम्ही पण खोलीत वीस जण. पखवाज जोरात वाजवायला लागायचा." चाळीतलं भजनी मंडळ, बुवांनी एक ओळ टाकायची, कोरसने उचलायची. विली जॉन्सनच्या कितीतरी रेकॉर्डमध्ये मागून एक बाई अशीच ओळ उचलते.

१९८२ चा संप झाला, आजोबांची गिरणी परत सुरू झाली नाही. नंतर वॉचमनची नोकरी. पण मला उशिरा कळलेली गोष्ट वेगळीच. गणपतीत गिरगावात, दादरला रस्त्यावर मंडप घालून मोठमोठ्या गवयांची गाणी व्हायची. तिकीट नाही. आजोबा सेकंड शिफ्ट करून चालत जायचे आणि गर्दीच्या कडेला उभे राहून पहाटेची भैरवी होईपर्यंत ऐकायचे. 'शास्त्रीय' हा शब्द त्यांनी आयुष्यात वापरला नाही. "गाणं ऐकायला गेलो होतो" एवढंच. मी त्यांना त्या टाळीचा किस्सा सांगितला तेव्हा म्हणाले, "मग पुढे बसलास कशाला? कडेला उभं राहायचं." मी हसलो, पण खरं तर मला ते थोडं लागलं. आजोबा कडेला का उभे राहायचे, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

असो. अल्बम.

आधी वर सांगितलेली दोन गाणी, त्याच क्रमाने, मध्ये काही न लावता. मिळून सात मिनिटंही नाहीत. चर्चगेट ते मुंबई सेंट्रल.

मग 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. होय, गिटार. काब्रा जोधपूरचे, अली अकबर खाँचे शिष्य, गिटार मांडीवर आडवी ठेवून स्लाइडने राग वाजवायचे. या अल्बममागे एचएमव्हीचे जी. एन. जोशी होते. हे नाव आपल्याकडे विसरलंय. नागपूरकडचे वकील, १९३० च्या दशकात मराठी भावगीताची रेकॉर्ड गाजवली, मग कंपनीत गेले आणि पुढची कित्येक वर्षं मोठमोठ्या कलाकारांना स्टुडिओत आणत राहिले. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिर भैरवपासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. जाणकार कधीकधी नाक मुरडतात, फार गोड आहे म्हणून. मुरडू देत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यापेक्षा चांगलं दार मला माहीत नाही.

तिथून 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९३. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची स्लाइड. ग्रॅमी मिळालेला अल्बम. दोघांची रेकॉर्डिंगच्या अगदी थोडा वेळ आधी ओळख झालेली, कॅलिफोर्नियातल्या एका चॅपेलमध्ये बसून वाजवलं. आणि गंमत बघा, हेच कूडर, ज्यांनी 'पॅरिस, टेक्सास' सिनेमाचं संगीत विलीच्या त्याच 'डार्क वॉज द नाइट'वरून बांधलं होतं. वायर जोडली गेली की नाही?

गिटार नको, आवाज हवा असेल तर किशोरी आमोणकरांचा भूप. किशोरीताई प्रभादेवीत राहायच्या, २०१७ मध्ये गेल्या. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर, त्याही गोव्याच्या, त्याही अल्लादिया खाँच्या शिष्या. भूपात पाचच सूर. पाच सुरांचीच पेंटाटोनिक स्केल घेऊन निम्मे ब्लूज गिटारवाले आयुष्य काढतात, त्यामुळे तुमचे कान तयार आहेत. पहिली पाच मिनिटं काही घडत नाहीये असं वाटेल. स्किप करू नका. भांडी घासताना लावा हवं तर.

ब्लूजकडून बी. बी. किंगचा 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल', नोव्हेंबर १९६४ मध्ये शिकागोत रेकॉर्ड झालेला. तो गातो तेव्हा वाजवत नाही, वाजवतो तेव्हा गात नाही. गिटार उत्तर देते, आपल्याकडे सारंगी द्यायची तसं. आणि पब्लिक ऐका, कशी दाद देतंय. आपल्या 'क्या बात है'चेच भाऊबंद. मडी वॉटर्सचा 'फोक सिंगर', १९६४, रात्री उशिरा, दिवा बंद करून. रॉबर्ट जॉन्सन मात्र सुरुवातीला नको. त्याची २९ च गाणी आहेत, पळून जात नाहीत, आणि खरखर सहन करायची सवय आधी केसरबाईंकडून लावून घ्या.

एक शेवटचं, इंजिनियर म्हणून राहवत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर एक अर्थहीन डेटा पाठवायला लागलं. मेमरीची एक चिप गेली होती. शेहेचाळीस वर्षं जुनं मशीन, एक कमांड पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. तिथल्या लोकांनी खराब चिपवरचा कोड तुकडे करून दुसरीकडे बसवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान परत नीट बोलायला लागलं. ती बातमी मी परळच्या ब्रिजवर, ऑफिसला जाताना वाचली. कानात योगायोगाने भैरवी नव्हती, कोणाचं तरी स्टँडअप चालू होतं. ते बंद केलं आणि भैरवी लावली.

लालबागच्या मित्रा, ऐकलंस की परत व्हॉइस नोट पाठव. आणि येत्या गणपतीत कुठल्या मंडपात गाणं असेल तर कळव, मीही येतो. आपण पुढे बसू.