विसरणं म्हणजे ढोंग नव्हे

आमच्या कोल्हापूर भागात म्हातारं माणूस विसरू लागलं की आम्ही बायका म्हणतो, म्हातारचळ लागला. पण १९०१ साली जर्मनीतल्या ऑगस्टे डेटर अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या, आणि त्यांना स्वतःचं नावही लिहिता येईना. १९०६ मध्ये त्या वारल्यावर डॉ. अल्झायमर यांना त्यांच्या मेंदूत गाठी दिसल्या. मेंदूतल्या प्रथिनांची घडी चुकते, ती साचत जातात, पेशी मरतात. 'अस्तु' या मराठी चित्रपटातल्या संस्कृत पंडितांनाही हाच आजार होतो. शिकलेला-अडाणी तो बघत नाही. म्हणून जेवून उठलेली सासू "मला कुणी वाढलंच नाही" म्हणाली, तर ती खोटं बोलत नाही. भांडण नको, डॉक्टरांना दाखवूया.