बाळाच्या उशाशी धुके : दक्षिण कोरिया, १९९४ ते २०११

१/ कोरियातील हिवाळा कोरडा. घराची जमीन तापवली की हवा अधिकच शुष्क होते. म्हणून नाक चोंदलेल्या बाळाच्या उशाशी ह्युमिडिफायर ठेवणे, ही तेथील अनेक घरांची रीत.

२/ टाकीतील साचल्या पाण्यात जंतू वाढतात. त्यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये पाण्यातच मिसळायचे जंतुनाशक बाजारात आले. काळजीवाहू आईबाप ते श्रद्धेने ओतू लागले.

३/ मेख येथेच होती. पाणी उकळले की विरघळलेले क्षार बहुतांशी मागे राहतात. अल्ट्रासॉनिक यंत्र मात्र कंपनांनी पाण्याचे सूक्ष्म तुषार करते आणि पाण्यातील सारे काही हवेत जाते. पीएचएमजी हे रसायन श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास काय होईल, याची पुरेशी तपासणी झालीच नव्हती.

४/ २०११ च्या वसंतात सोलमध्ये गर्भवती व बाळंतिणी अनाकलनीय फुप्फुसविकाराने दगावू लागल्या. लहान मुलांतील असाच विकार डॉक्टर २००६ पासून पाहत होते. ऑगस्टमध्ये सरकारी तपासाने जंतुनाशकाकडे बोट दाखवले. नोव्हेंबरमध्ये ती उत्पादने परत मागवली गेली.

५/ २०१७ मध्ये पीडितांसाठी विशेष कायदा लागू झाला. राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी क्षमा मागितली. परंतु ज्या हातांनी मायेने ते द्रव्य ओतले, त्यांचे शल्य कोणता कायदा काढणार?

६/ म्हणूनच यंत्र निवडताना पहिला प्रश्न असा : टाकी रोज घासून कोरडी करता येते का? पाण्यात काहीही मिसळू नये. एअर प्युरिफायर धूळ गाळतो, ओलावा देत नाही. आणि बाळाला श्वास घेणे जड जात असेल, तर यंत्राआधी डॉक्टर.