निवडलेला मुलूख

खेळण्यातील आगगाडीसाठी एखाद्या खऱ्या प्रदेशाची प्रतिकृती उभारावयाची, तर मुलूख कोणता निवडावा? १९२५ साली ऑस्ट्रेलियातून विलायतेत आलेल्या रॉय इंग्लंड या तरुणाने ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मार्ग ज्यातून जाई, ते व्हाइट हॉर्सचे खोरे निवडले. तेथील गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत नाहीशी होत होती. म्हणून त्याने मुलुखासवे काळही मुक्रर केला. पुठ्ठ्याची ती घरे सुमारे ७६ पट लहान आहेत. १९५४ साली लाँग विटनहॅम येथे त्यांच्यासाठी पेंडन संग्रहालय स्थापन झाले.

हे खोरे जपणारा त्या मातीतला नव्हता. बदलीच्या गावी आपणही परकेच. परंतु परक्याची नजर ताजी असते. ती आपण वापरतो काय?