सर्व्हर दूर, रांग जालन्यात : युनिक्स प्रशासकाचे न दिसणारे काम

'सर्व्हर डाऊन आहे' हे शब्द आता मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतही रुळले आहेत. पीकविम्याची मुदत संपत आलेली असताना भोकरदन किंवा मंठ्याच्या एखाद्या केंद्रावर ते ऐकू आले, की रांगेतील शेतकऱ्याचा दिवस बुडतो. हा सर्व्हर कोठे असतो आणि तो पुन्हा सुरू कोण करतो, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. हे काम करणाऱ्यास सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे प्रणाली प्रशासक म्हणतात. त्याच्या ताब्यातील यंत्रे बहुतांशी युनिक्स किंवा त्याच वळणाच्या लिनक्सवर चालतात.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन व डेनिस रिची ही त्यामागील प्रमुख नावे. त्याच धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सर्वच्या सर्व यंत्रे लिनक्सवर आहेत, एवढे सांगितले तरी त्याच्या प्रसाराची कल्पना यावी.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पुढच्या दशकात देशातील अनेक बँकशाखांत युनिक्सचा एक संगणक आणि त्याला जोडलेले काही टर्मिनल, अशी रचना दिसू लागली. दिवसाचे काम संपले की त्या दिवसाच्या व्यवहारांची प्रत टेपवर काढावयाची आणि ती दुसरीकडे जपून ठेवावयाची, हे शाखेतील एखाद्या कर्मचाऱ्याकडे असे. प्रशासक हे पद त्याला नसे, काम मात्र तेच होते. कोअर बँकिंग आले आणि शाखेतील यंत्र गेले. स्टेट बँकेच्या सर्व शाखा २००८ पर्यंत या पद्धतीत आल्या. तिचे डेटा सेंटर नवी मुंबईत, बेलापूरला. मराठवाड्याच्या परिचयाची स्टेट बँक ऑफ हैदराबादही १ एप्रिल २०१७ रोजी तिच्यात विलीन झाली. सातबाऱ्याचेही तसेच झाले. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला, पण त्यामागील यंत्र तालुक्याच्या गावी नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा जिल्हा कक्ष असतो. परंतु मोठ्या सर्व्हरच्या किल्ल्या दूरच्या शहरांत असतात. गैरसोय जालन्यात आणि दुरुस्ती शेकडो किलोमीटरवर, ही विभागणी या व्यवसायाने अंगवळणी पाडून घेतली आहे.

दुरुस्ती करणाराही यंत्राजवळ असतोच असे नाही. रात्री मोबाइलवर इशारा वाजतो, तो घरच्या संगणकावरून एसएसएच या सुरक्षित मार्गाने सर्व्हरमध्ये शिरतो. हे साधन १९९५ चे. समोर चित्रे नाहीत की बटणे नाहीत, केवळ अक्षरे. पहिली तपासणी बहुधा अगदी साधी असते : डिस्क भरली आहे का? सर्व्हर आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद लॉग नावाच्या फाइलमध्ये करीत असतो. ही फाइल वेळेवर छाटली नाही, तर ती वाढत वाढत सारी जागा व्यापते आणि नवी नोंद लिहिता न आल्याने उत्तम चाललेली सेवा बंद पडते. अनेक 'सर्व्हर डाऊन'मागचे कारण इतके क्षुल्लक असते.

लॉग वाचण्याची हत्यारेही लहान लहान आहेत. 'टेल' शेवटच्या ओळी दाखवते, 'ग्रेप' हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडते, 'सॉर्ट' त्या क्रमाने लावते. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे युनिक्समध्ये 'पाइप' आला आणि एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीच्या हाती देता येऊ लागले. लाखो ओळींतून सर्वाधिक विनंत्या कोणत्या पत्त्यावरून येत आहेत, हे त्यामुळे एका ओळीच्या आज्ञेत कळते. फाइलमध्ये बदल करण्यासाठी १९७६ चा 'व्हीआय' आजही चालतो. तो शिकणे जिकिरीचे आहे, हे मान्य करावे लागेल.

विजेची तऱ्हा आपल्याकडे सर्वज्ञात आहे. भारनियमनाच्या काळात अचानक बंद पडलेला सर्व्हर पुन्हा सुरू होताना आधी संपूर्ण डिस्क तपासत बसे, आणि तेवढा वेळ सर्वांनी थांबावयाचे. २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात ईएक्सटी-३ ही रचना आली. तिची कल्पना मोंढ्यातील कोणत्याही दिवाणजीस चटकन समजेल. आधी रोजकीर्दीत नोंद, मग खतावणी. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द पाहून ती पुरी करता येते.

घड्याळाचा घोटाळा अधिक फसवा असतो. ठरावीक वेळी ठरावीक काम करणाऱ्या आज्ञावलीस 'क्रॉन' म्हणतात. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. रात्री दोनला व्हावयाचे जड काम हा फरक विसरून लावले, तर ते आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होते आणि लांबले तर कार्यालये उघडण्याच्या वेळी यंत्र मंदावते. युनिक्स वेळ मोजते ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. ही मोजणी ३२ बिटांत ठेवणाऱ्या जुन्या यंत्रांवर १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर आकडा उलटेल आणि तारीख १९०१ सालात जाईल.

प्रशासकाच्या हाती 'रूट' हा सर्वाधिकार असतो. पुसण्याची आज्ञा 'सक्तीने' या जोडीसह दिली, तर युनिक्स उलट प्रश्न विचारीत नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत नेमके हेच घडले. दुय्यम यंत्रावरील माहिती पुसावयाची होती, ती थकलेल्या अभियंत्याने मुख्य यंत्रावरील पुसली. चूक क्षणात ध्यानी आली, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. राखीव प्रतींच्या पाच व्यवस्था कागदावर होत्या. त्यांपैकी एकही धड उपयोगी पडली नाही. कंपनी वाचली ती सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीमुळे, आणि तीही त्याच अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी काढलेली होती. कंपनीने हे सारे लपविले नाही, दुरुस्तीचे काम लोकांना थेट दाखविले. आपल्याकडील कार्यालयांत असा उघडेपणा अपवादानेच आढळतो.

जालन्यातील बियाणे कंपनी असो, पोलाद कारखाना असो वा महाविद्यालयाची प्रयोगशाळा, स्वतःचा सर्व्हर ठेवणाऱ्याने आपल्या प्रशासकास विचारावयाचा प्रश्न 'बॅकअप घेता का?' हा नव्हे. त्याचे उत्तर 'हो' असेच येते. शेवटची प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून कधी पाहिली, आणि ती सर्व्हरच्याच खोलीतील कपाटात तर ठेवलेली नाही ना, हे विचारावे.