चंपीचे मुद्दल

आमच्या न्हाणीघरातल्या फळीवर सध्या सात बाटल्या आहेत. एक केस धुते, दुसरी धुतलेल्या केसांची समजूत घालते आणि तिसरी काय करते, हे सौ.ला विचारायची आमची प्राज्ञा नाही. बँकेत जन्म गेल्यामुळे आम्ही लेबलांवरचा बारीक मजकूरही वाचतो. पण ‘शाम्पू’ हे मूळचे आपलेच मुद्दल, असे एकाही लेबलावर छापलेले नाही!

हिंदीत चांपना म्हणजे दाबणे, रगडणे. ‘चांपो’ ही त्याची आज्ञा. साहेबाने ती उचलली. १७५९ साली पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमदाने १८१४ च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटनला वाफेच्या स्नानाचे आणि चंपीचे दुकान थाटले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, दोन्ही राजांचा तो ‘शाम्पूइंग सर्जन’! तेव्हा शाम्पूत फेस नव्हता, नुसते हात होते. केस धुण्याचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला.

फेस इकडे होताच. शिकेकाई आणि रिठा, दोहोंत सॅपोनिन. ते तेलकटपणा सोडवते. मात्र भिजवा, उकळा, गाळा, आणि डोळ्यांत गेले की बोंबला!

आता मुद्दल बाटलीत भरून परत आले आहे. हात तेवढे आले नाहीत. आई थकली, केस मूठभर उरले. रविवारी आमची धाकटी तिला न्हाऊ घालते. बाटली कुठली, हे आई विचारत नाही. एवढंच म्हणते, “अजून जरा दाब गं.”

म्हणजे चांपोच की!